गप्पी माशांचे संगोपन व पैदास

गप्पी हा पीसिलिइडी या मत्स्यकुलातील गोड्या पाण्यातील एक लहान मासा असून त्याचे शास्त्रीय नाव *पीसिलिया रेटिक्युलेटा* असे आहे. त्याचे मूळ स्थान व्हेनेझुएला, त्रिनिदाद व त्यांलगतचा दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग हे होय. तथापि माणसाने नेल्यामुळे तो आता बहुतेक सर्व उष्ण प्रदेशांत पसरला आहे. नर सु. ३ सेंमी. लांब व रंगीत असतो. मादी ४ ते ६ सेंमी. लांब, करड्या रंगाची व साधी असते. घरगुती जलजीवालयात (काचेच्या टाकीत) पाळल्या जाणाऱ्या माशांत गप्पीचे स्थान फार वरचे आहे. हौशी पाळणाऱ्यांनी निवड करून त्याच्यापासून अनेक रंगांचे व आकारांचे वाण निर्माण केले असून आनुवंशिकी व क्रमविकास (उत्क्रांती) या शास्त्रांच्या इतिहासातही या माशाला महत्त्व आहे.

शोध व नामकरण : १८५९ मध्ये व्हिल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून या माशाचे प्रथम वर्णन केले. १८६१ मध्ये दे फिलिप्पी यांनी बार्बेडोस बेटावरील नमुन्यांना *लेबिस्टेस* असे वेगळे वंशनाम दिले. रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांनी त्रिनिदादमधून ब्रिटिश म्यूझीयमकडे पाठविलेल्या माशांना आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६६ मध्ये *जिरार्डिनस गप्पीआय* असे नाव दिले. हे सर्व मासे एकाच जातीचे असल्याचे पुढे दिसून आले आणि अग्रक्रमाच्या नियमानुसार पीटर्स यांनी दिलेले जातिनाम कायम झाले. १९१३ मध्ये रीगन यांनी जातीचा समावेश *लेबिस्टेस* वंशात केला. १९६३ मध्ये रोझेन व बेली यांनी ती पुन्हा *पीसिलिया* वंशात आणली. शास्त्राने गप्पी यांचे नाव सोडून दिले. पण लोकांच्या तोंडी मात्र तेच राहिले. मराठीत रूढ झालेला शब्द या आडनावावरूनच आला असून ‘गप्पा’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

जलजीवालयात प्रवेश : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे मासे जर्मनीत जलजीवालयांसाठी आयात होऊ लागले. हा मासा अंडी न घालता पोहणारी पिले देतो, थोड्या पाण्यात राहतो आणि पाण्यातील व तापमानातील बदल बऱ्याच प्रमाणात सहन करतो. त्यामुळे खर्चिक साधने नसलेल्यांनाही तो पाळता आला. दोन नरांचे रंग क्वचितच सारखे असतात, हे पाळणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले. मुलगा बापासारखा निपजतो आणि मादीत मात्र काहीच दिसत नाही, ही गोष्टही त्यांना जाणवली. तिचा उलगडा पुढे प्रयोगशाळेत झाला.

आनुवंशिकीतील स्थान : कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये नराच्या पृष्ठपक्षावरील (पाठीवरील परावरील) काळ्या ठिपक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा ठिपका बापाकडून सर्व मुलग्यांकडे जातो. मुलींकडून तो पुढच्या पिढीत येत नाही. ऑइव्हिंड व्हिंगे यांनी त्याच प्रयोगशाळेत हे काम पुढे नेले व गप्पीत नर एक्सवाय आणि मादी एक्सएक्स असते, म्हणजे ठिपक्याचा जीन (गुणसूत्रावरील आनुवंशिक घटक) वाय गुणसूत्रावर असतो, असे दाखविले. वाय गुणसूत्राशी निगडित आनुवंशिकतेचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. १९२७ मध्ये व्हिंगे यांनी अठरा जीनांच्या स्थानांविषयी निबंध प्रसिद्ध केला. काही रंग एक्स गुणसूत्रावर, तर काही लिंगाशी संबंध नसलेल्या गुणसूत्रांवर असतात. मादी हे जीन वाहते. पण बहुतेकांचा आविष्कार नराच्या हॉर्मोनाखेरीज होत नाही. पैदास करणाऱ्याची खरी अडचण येथेच आहे : साध्या दिसणाऱ्या मादीत काय दडले आहे, हे तिच्या मुलग्यांवरूनच कळते.

निवड पद्धतीची पैदास : वन्य नराची शेपटी लहान व गोलसर असते. लांब व रुंद पुच्छपक्ष (शेपटीचा पर) असलेले नर निवडून जर्मनीत व अमेरिकेत वाण तयार करण्यात आले. जर्मनीत जन्मलेले व न्यूयॉर्क येथे स्थायिक झालेले पॉल हॅनल यांचे मोठ्या शेपटीचे गप्पी १९५० नंतरच्या दशकात विशेष गाजले. पुढे हौशी मंडळींनी संघ स्थापिले, गुणांकनाचे नियम ठरविले व प्रदर्शने भरविली. पंख्यासारखी, त्रिकोणी, गोल, टाचणीसारखी, वीणेसारखी, तसेच एक किंवा दोन तलवारींसारखी शेपटी असे आकार मानले गेले. रंगांत नागाच्या कातडीसारखी नक्षी असलेला ‘कोब्रा’, मागचा अर्धा भाग काळा असलेला ‘टक्सीडो’, गडद एकरंगी ‘मॉस्को’ आणि लाल डोळ्यांचा विवर्ण हे प्रकार प्रसिद्ध आहेत. सिंगापूरमधील मत्स्यशेतांनी या वाणांची मोठ्या प्रमाणावर पैदास करून ते जगभर निर्यात केले.

संगोपन : २२° ते २८° से. तापमानाचे, किंचित अल्कधर्मी व काहीसे कठीण (जड) पाणी गप्पीला मानवते. सर्व पाणी एकदम न बदलता दर आठवड्यास थोडे थोडे बदलावे. कोरड्या खाद्याबरोबर डासांच्या अळ्या, डॅफ्निया व आर्टेमियाची नुकतीच फुटलेली पिले दिल्यास वाढ चांगली होते. नराच्या गुदपक्षाचे रूपांतर गोनोपोडियम या नळीसारख्या अवयवात झालेले असते व त्याच्या साहाय्याने आंतरनिषेचन होते. गर्भकाल सु. चार आठवड्यांचा असून एका वेतात साधारणतः २० ते ६० पिले होतात. मातापिता पिलांना खातात. म्हणून टाकीत दाट पाणवनस्पती ठेवाव्यात किंवा व्यालेल्या मादीस दूर करावे.

मादी शुक्राणू अनेक महिने साठवून ठेवते व एका समागमानंतर अनेक वेते देते. म्हणून वाण शुद्ध राखावयाचा असल्यास साधारणतः तीन ते चार आठवड्यांच्या वयातच नर व माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवाव्या लागतात. एका चुकलेल्या नरामुळे अनेक पिढ्यांचे काम वाया जाते. उलट, सतत जवळच्या नात्यात पैदास केल्यास आकार व प्रजननक्षमता घटते आणि पाठीचा कणा वाकडा झालेली पिले निपजू लागतात. यासाठी अनुभवी पाळणारे एकाच वाणाच्या दोन शाखा स्वतंत्रपणे चालवितात व काही पिढ्यांनी त्यांचा संकर करतात.

वन्य गप्पी व नैसर्गिक निवड : हौशी माणूस जे टाकीत करतो, तेच निसर्ग ओढ्यात करतो, मात्र त्याचा कल एकाच दिशेला नसतो. नारिंगी ठिपके खाद्यातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतात व पुष्कळ ठिकाणी माद्या असे नर पसंत करतात. पण हेच ठिपके शत्रूच्या नजरेत भरतात. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये त्रिनिदादमधील आरिपो नदीत मोठ्या भक्षक माशांच्या सान्निध्यात राहणारे सु. २०० गप्पी अशा उपनदीत सोडले, की जेथे गप्पी नव्हते व सौम्य भक्षकच होते. सु. दोन वर्षांतच तेथील नर अधिक ठिपकेदार झाले. १९९० मध्ये डेव्हिड रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की अकरा वर्षांत त्या माशांचे वयात येणे लांबले व पिले मोठी, पण संख्येने कमी झाली. क्रमविकास माणसाच्या आयुष्यातही मोजता येतो, याचा हा ठळक पुरावा होय. टाकीतील लांब शेपटीच्या नराला शत्रूच नसतो. म्हणून ओढ्यात ज्याला पोहणे जड गेले असते, असा मासा तेथे बक्षीस मिळवितो.

प्रसार व धोका : डासांच्या अळ्या खाण्याच्या सवयीमुळे हा मासा विसाव्या शतकाच्या आरंभीच भारतात आणण्यात आला. हिवताप व डेंग्यू यांच्या नियंत्रणासाठी महाराष्ट्रात आरोग्य यंत्रणेमार्फत विहिरी, हौद व साचलेल्या पाण्यात गप्पी सोडले जातात आणि त्यासाठी पैदास केंद्रेही चालविली जातात. बंदिस्त पाण्यात हा उपाय उपयोगी पडतो. नदी व नैसर्गिक तलाव यांत मात्र सोडलेले मासे परत काढता येत नाहीत व देशी माशांशी स्पर्धा करतात. टाकीत जास्त झालेली पिले ओढ्यात सोडणे म्हणूनच अयोग्य होय.

उलट दिशेनेही हानी होते. व्हेनेझुएलातील कुमाना शहराजवळच्या एका सरोवरात एंडलर यांना १९७५ मध्ये आढळलेला गप्पीचा जवळचा आप्त २००५ मध्ये स्वतंत्र जात मानण्यात आला व व्हिंगे यांच्या स्मरणार्थ त्याला *पीसिलिया विंगेआय* असे नाव मिळाले. गप्पीशी त्याचा संकर सहज होत असल्याने बाजारात मिळणाऱ्या माशांत शुद्ध वाण ओळखणे अवघड झाले आहे. मूळ स्थानाच्या नोंदीसह वेगळे राखलेले वाण त्यामुळे मोलाचे ठरतात व ते राखण्याचे काम बव्हंशी घरगुती टाक्यांतच होत आले आहे.