तळटीप : कूपराइट

७. लेखकाने येथे ‘प्लॅटिनमचा दगड’ एवढेच म्हटले आहे. संदर्भ दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्डचा असल्याने कूपराइट हे खनिज अभिप्रेत असावे. हे प्लॅटिनम आणि गंधक यांचे संयुग. वजनाने सुमारे ८६ टक्के प्लॅटिनमच. रंग पोलादी करडा, चकाकी धातूची. कण मात्र इतके बारीक, की ते बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. १९२८ साली रिचर्ड कूपर यांनी त्याचे प्रथम वर्णन केले, म्हणून हे नाव. त्याचे भावंड ब्रॅगाइट १९३२ मध्ये हाती लागले. क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधले गेलेले ते पहिले खनिज. त्याला क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या ब्रॅग पितापुत्रांचे नाव मिळाले, हे फार उचित झाले.

बुशवेल्डमधील मेरेन्स्की थरातला टनभर खडक फोडून, दळून प्लॅटिनम गटातील धातू मिळतात ते अवघे काही ग्रॅम. त्यातला प्लॅटिनम पुढे मोटारीच्या धुरातील विषारी वायू निवळणाऱ्या उत्प्रेरकात, नायट्रिक आम्लाच्या कारखान्यातील जाळीत, प्रयोगशाळेतील मुशीत आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिन या औषधात जातो. ‘दगड’ हा शब्द वाचताना एवढे ध्यानात असावे. – संपा.