एक रिडिम, अनेक गायक : ‘स्लेंग टेंग’ आणि कर्तृत्वाचा प्रश्न

जमैकाच्या लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना ‘हे गाणे कोणाचे?’ हा साधा वाटणारा प्रश्न अभ्यासकास अडवून धरतो. ड्रम आणि बेस यांच्या पायाभूत रचनेस तेथे ‘रिडिम’ म्हणतात. प्रत्येक रिडिमला स्वतःचे नाव असते व त्यावर अनेक गायक आपापले शब्द बसवितात. आपल्याकडेही एकाच चालीवर अनेक अभंग म्हटले जातात. परंतु तेथे चाल स्थिर असते. येथे चालही बदलते, पाया तेवढा कायम राहतो.

ही प्रथा डान्सहॉलच्या आधीची आहे. गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यसंगीत ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या बाजूस छापण्याची रीत १९६०च्या दशकाच्या अखेरीस रुळली. १९७० मध्ये यू-रॉय याने ड्यूक रीड यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर आपले बोल म्हटले आणि ते गाजले.

प्रस्तुत विवेचनासाठी १९८५चा ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम निवडला आहे, कारण त्याच्या जनकत्वाचा धागा थेट जपानपर्यंत जातो. नोएल डेव्ही यांच्याकडे कॅसिओ कंपनीचा एमटी-४० हा लहान कीबोर्ड होता. त्यात आधीच भरलेला ‘रॉक’ हा ठेका डेव्ही व गायक वेन स्मिथ यांच्या हाती लागला. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागातील निर्माते किंग जॅमी यांनी त्याची लय संथ केली. वादकांच्या ताफ्याविना, यंत्रावरच उभे राहिलेले हे गाणे विलक्षण गाजले. लगोलग त्याच रिडिमवर टेनर सॉ, जॉनी ऑझबर्न आदींची गाणी आली. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली. मूळ ठेका मात्र हिरोको ओकुदा या तरुणीने १९८० मध्ये कॅसिओत नव्याने रुजू झाल्यावर रचला होता. तिने संगीत महाविद्यालयात रेगेचाच अभ्यास केला होता, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

मग कर्ता कोण? जमैकात १९९३चा स्वाधिकार कायदा येईपर्यंत १९११चा ब्रिटिश कायदाच लागू होता. शब्द व स्वरावली यांचा एक कर्ता गृहीत धरणाऱ्या या चौकटीत रिडिम नीट बसत नाही. स्टुडिओतील वादकास बहुधा त्या दिवसाचे मानधन मिळे आणि त्याचा संबंध तेथेच संपे. त्यामुळे या देवघेवीस सरसकट ‘सामूहिक औदार्य’ म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. नवोदित गायकास तिने वाव दिला हे खरे, पण वादकाचे नावही तिनेच पुसले.

हा हिशेब आज न्यायालयात मांडला जात आहे. स्टीली (वायक्लिफ जॉन्सन) व क्लीव्ही (क्लीव्हलँड ब्राउन) यांच्या १९८९च्या ‘फिश मार्केट’ या रिडिमचा ठेका रेगेटॉनच्या असंख्य गाण्यांत वापरला गेल्याचा दावा २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. जॉन्सन २००९ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या वतीने त्यांच्या संपत्तीचे प्रतिनिधी वादी झाले.