सर्पगंधेचे ऋण

सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकास नवी नव्हे. निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर तिची मुळी पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे. परंतु गुण परंपरेने सांगणे निराळे आणि तो मोजून दाखविणे निराळे. इसवी सन १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाबावर व मनोविकारावर गुणकारी असल्याचे लिहिले. तथापि पाश्चात्य वैद्यकाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

ते लक्ष वेधले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. रक्तदाबाच्या ५० रुग्णांस ही मुळी देऊन त्यांनी दाबाची नोंद ठेविली व तो निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडातील बाझेल येथे मुळीतून ‘रिसर्पिन’ हे सत्त्व वेगळे करण्यात आले, आणि १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला.

मात्र औषधाची दुसरी बाजूही लवकरच उघडी पडली. रक्तदाब उतरे, क्षुब्ध मन शांत होई. पण काही रुग्ण खोल विषण्णतेत बुडत. असे का व्हावे?

मेंदूतील दोन पेशींमध्ये सूक्ष्म फट असते. पहिली पेशी रासायनिक दूत सोडते. दुसरीच्या पृष्ठावरील ग्राहक ते झेलतात. हे दूत पेशीच्या टोकाशी चिमुकल्या पिशव्यांत साठविलेले असतात. रिसर्पिन त्या पिशव्या भरूच देत नाही. कोठार रिते झाले की ग्राहक जागे असूनही निरोप येत नाही.

१९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निश्चल झालेल्या सशांस ‘एल-डोपा’ टोचले, आणि ते पुन्हा हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतील स्वतंत्र दूत आहे, हे यातूनच पुढे सिद्ध झाले. १९६१ पासून हाच उपाय कंपवाताच्या रुग्णांवर होऊ लागला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक लाभले.

श्रोतेहो, आज रक्तदाबासाठी रिसर्पिन क्वचितच देतात. तरी हात थरथरणारा वृद्ध आज एल-डोपाची गोळी घेऊन चहाचा पेला स्वतः उचलतो, त्यात या मुळीचाही वाटा आहे. गुण टिपणाऱ्यांइतकेच, तिचा दोष न लपविता त्याचे कारण शोधणाऱ्यांचेही हे ऋण होय.