कूलंट, मोटारसायकलचे : तपासणी व भरणा

द्रवशीतित इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारा द्रव. त्यात प्रामुख्याने इथिलीन ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि गंजरोधक द्रव्ये असतात. 2012 मध्ये आलेल्या बजाज पल्सर 200 एनएस आणि चाकणला तयार होणाऱ्या केटीएम 200 ड्यूक या गाड्यांची इंजिने द्रवशीतित आहेत. हवेवर थंड होणाऱ्या साध्या गाड्यांना कूलंट लागत नाही.

रेडिएटर किती उष्णता टाकेल, हे द्रव व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. भुसावळजवळच्या दीपनगर परिसरात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा हा फरक घटतो आणि पातळीतील थोडी घटही महागात पडते. दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रातील शीतकरण मनोऱ्यांचे कामही उष्णता हवेत सोडण्याचेच. मात्र तेथे पाण्याची वाफ होऊ दिली जाते, मोटारसायकलमध्ये द्रव बंद मार्गात फिरतो.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. गाडी सपाट जागी सरळ उभी करून राखीव टाकीतील पातळी किमान व कमाल खुणांमध्ये आहे का, ते पाहावे. कमी असल्यास उत्पादकाने सांगितलेले कूलंट टाकीतच, कमाल खुणेपर्यंत घालावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; दाबाखालील द्रव उसळून गंभीर भाजते. बोअरचे जड पाणी वापरणे चुकीचेच, कारण क्षार साचून नळ्या बुजतात. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सांडलेले कूलंट जनावरे चाटण्याआधी धुऊन टाकावे.