नोंद आपली, ताबा कोणाचा?

परभणी जिल्ह्यात जिंतूरपासून सोनपेठपर्यंत कुठल्याही सेवा केंद्रावर शेतकरी महाडीबीटीचा अर्ज भरायला येतो, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगतो आणि लॉगिन होते. मग जमिनीची माहिती, पिके, हवे असलेले अवजार अशी पानामागून पाने उघडत जातात, पण दर पानाला नवा ओटीपी मागितला जात नाही. जिथे जिथे लॉगिन असते, तिथे हे काम बहुधा कुकी करते. लॉगिन होताच वेबसाइट ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला देते आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक वेळी ती सोबत पाठवतो.

अशा नोंदीची गरज वेबच्या मूळ रचनेतूनच आली. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब उभारले, तेव्हा हेतू कागदपत्रे वाचण्याचा होता. एक पान मागायचे, ते मिळायचे, व्यवहार संपला. मागणारा मघाचाच की नवा, याची एचटीटीपी या पाने मागण्या-देण्याच्या पद्धतीला आठवण नव्हती. वाचनापुरते हे पुरेसे होते, खरेदीसाठी नव्हते.

१९९४ मध्ये एमसीआय या अमेरिकी दूरसंचार कंपनीला इंटरनेटवर दुकान थाटायचे होते, पण अर्धवट राहिलेल्या खरेदीचा हिशेब तिला आपल्या सर्व्हरवर सांभाळायचा नव्हता. नेटस्केपचे अभियंते लू माँटुली यांनी तोडगा काढला : नोंद ग्राहकाच्याच संगणकावर ठेवायची. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केप ब्राउझरमध्ये ही सोय होती.

कापूस खरेदी केंद्रावरचे टोकन डोळ्यांसमोर आणले की रचना कळते. टोकनवर फक्त क्रमांक असतो, बाकी सगळे केंद्राच्या रजिस्टरात. आजच्या कुकीतही बहुधा असा क्रमांकच असतो, माहिती सर्व्हरवर असते. माँटुलींनी एक पथ्य मुद्दाम पाळले. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक दिला असता, तर सगळ्या वेबसाइटना तो माणूस ओळखता आला असता. म्हणून ज्या वेबसाइटने कुकी दिली, तिलाच ती परत दिसेल असे ठरले.

पथ्य मोडले ते जाहिरातींमुळे. पान एका वेबसाइटचे, पण त्यातली जाहिरात दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि ती कंपनीही आपली कुकी ठेवू शकते. हीच थर्ड पार्टी कुकी. तीच कंपनी हजारो वेबसाइटवर जाहिराती देत असेल, तर कोण कुठे गेला आणि त्याने काय पाहिले, याची साखळी तिच्या हाती लागते. डबलक्लिक ही कंपनी अशाच जाहिरातींवर वाढली. पुढे गूगलने ती ३१० कोटी डॉलरना घेतली आणि २००८ मध्ये तो व्यवहार पुरा झाला.

धोका ओळखला गेला नव्हता असे नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने कुकीबद्दल लिहिले आणि ती चर्चेत आली. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि माँटुली यांनी लिहिलेले आरएफसी २१०९ हे मानक आले. परक्या कंपनीच्या कुकी मुळात बंद असाव्यात, ज्याला हव्या त्याने चालू कराव्यात, असा त्याचा आशय होता. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही त्या चालूच ठेवल्या. बहुतेक माणसे सेटिंग बदलत नाहीत. त्यामुळे नोंद राहिली आपल्या यंत्रात आणि तिच्यावरचा ताबा मात्र दुसऱ्याकडे गेला.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, पण मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत ते खऱ्या अर्थाने पोहोचले २०१६ नंतर, स्वस्त फोर-जी आल्यावर. तोपर्यंत कुकीवरचा वाद होऊन गेला होता, सवय पक्की झाली होती. परभणीच्या वाचकाला तो वाद ऐकायलाच मिळाला नाही. त्याच्या हाती थेट ‘अ‍ॅक्सेप्ट’चे बटण आले.

दरम्यान काही ब्राउझर मागे फिरले. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ओळखीच्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली, सफारीने २०२० मध्ये थर्ड पार्टी कुकी सरसकट बंद केल्या. गूगलनेही २०२० मध्ये क्रोममधून त्या हटवण्याचे जाहीर केले, पण २०२४ मध्ये बेत सोडला. आपल्याकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर क्रोमच असतो. म्हणून हे काम ज्याचे त्यानेच करायचे : सेटिंग्जमधल्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकी बंद करायच्या. क्वचित एखादे पान अडखळले, तर त्या वेबसाइटपुरती सूट देता येते. ब्राउझिंग डेटा पुसला की साठलेल्या कुकी जातात, मात्र सगळीकडे पुन्हा लॉगिन करावे लागते.

सेवा केंद्रावर काळजी वेगळी घ्यावी लागते, कारण तिथे कुकी दुसऱ्याच्या संगणकात राहते. नुसती खिडकी बंद केल्याने लॉगिन संपेलच असे नाही. काम झाल्यावर लॉगआउट करायला सांगावे आणि ते झालेले स्वतः पाहावे. केंद्रचालकाने प्रत्येक अर्जासाठी इनकॉग्निटो खिडकी उघडली आणि काम संपताच तशा सगळ्या खिडक्या मिटल्या, तर त्यातल्या कुकी पुसल्या जातात. आधार आणि बँक खाते जोडलेल्या अर्जासाठी एवढा नेम हवाच.

आता कायद्याचीही साथ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. प्रमुख तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. संमती मागताना सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. त्या २२ भाषांत मराठी आहे. शिवाय संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही कायदा सांगतो.

जिल्ह्यातल्या बँका, महाविद्यालये आणि पतसंस्थांनी ही मराठी सूचना मुदतीची वाट न पाहता आपल्या वेबसाइटवर लावावी आणि ‘नको’चे बटण ‘हो’च्या शेजारी, तेवढेच मोठे ठेवावे. १९९७ च्या मानकाने परक्या कुकींबाबत मागितले होते ते एवढेच : आधी विचारा, मग नोंद ठेवा.