खोगीर, रिकीब आणि उंच मोटारसायकल

वाहनांचा इतिहास लिहिणारे बहुधा त्यांच्या वेगाचा आणि बळाचा इतिहास लिहितात. घोडदळ किती कोस दौडले आणि कोणती लढाई जिंकली, हे आपणांस तपशिलाने वाचावयास मिळते. परंतु स्वार वाहनावर चढला कसा आणि उतरला कसा, ही गोष्ट गौण समजून सोडून दिली जाते. आमच्या मते हा अन्याय आहे. ज्यास चढताच येत नाही, त्यास वाहनाचा वेग काय करावयाचा? अलीकडे डोंगरवाटांसाठी घडविलेल्या उंच बांध्याच्या मोटारसायकली आपल्याकडे पुष्कळ दिसू लागल्या आहेत. चोर्ल्याच्या घाटाने बेळगावाहून गोव्यात उतरणाऱ्या तरुणांकडे त्या आहेत, तशाच पन्नाशीला टेकलेल्या गृहस्थांकडेही आहेत. त्यांची बैठक जमिनीपासून ८०० ते ८६० मिलिमीटर, म्हणजे साधारण कमरेच्या आसपास येते. गुडघे कुरकुरू लागलेला मनुष्य अशा गाडीपाशी उभा राहून जो विचार करतो, तोच विचार दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्वारानेही केलेला आहे.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वारोहणावर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी रिकीब नव्हती. स्वाराने आयाळ पकडून अथवा भाल्याचा आधार घेऊन उडी मारावी, आणि उजवा गुडघा घोड्याच्या पाठीवर न टेकता पाय सरळ पलीकडे न्यावा, असे तो बजावतो. हे झाले धडधाकट तरुणाचे. परंतु झेनोफन व्यवहारी होता. धनी आजारी असेल किंवा वयाने थकला असेल, तर त्यास पाय उचलून देऊन वर चढविण्याची इराणी रीत मोतद्दारास ठाऊक असावी, असेही त्याने नमूद केले आहे. ज्याच्या पदरी मोतद्दार नाही त्याने काय करावे, याचे उत्तर रोमच्या गायस ग्राक्कसने दिले. इ. स. पू. १२३ च्या सुमारास त्याने जे रस्ते बांधविले, त्यांच्या दोन्ही कडांना ठराविक अंतरांवर दगड बसविले. हेतू हा की, कोणाच्या मदतीवाचून स्वारास घोड्यावर चढता यावे. प्लुटार्कने ही हकीकत दिली आहे. सार्वजनिक खर्चाने केलेली ही सोय आम्हांस एखाद्या विजयस्तंभापेक्षा अधिक मोलाची वाटते.

रिकिबीचा इतिहास तर याहून उद्बोधक आहे. सांचीच्या शिल्पांत घोडेस्वाराचा पाय अडकविण्याचा फास दिसतो, असे अभ्यासक मानतात. तो आधारापुरता होता. पुढे चीनमध्ये चांगशा येथील ३०२ सालच्या थडग्यात मातीचा एक घोडेस्वार सापडला. त्याच्या खोगिरास एकच रिकीब आहे, तीही डाव्या बाजूस आणि इतकी आखूड की, वर बसल्यावर तीत पाय राहणे शक्य नाही. अर्थ उघड आहे. ती केवळ चढण्याची पायरी होती! दोन्ही बाजूंच्या रिकिबी नानकिंगजवळच्या ३२२ सालच्या थडग्यातील मूर्तीत दिसतात. रिकिबीमुळे भालाईत स्वाराचे सामर्थ्य किती वाढले, यावर युरोपीय पंडितांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. परंतु हातच्या पुराव्यावरून पाहता, ज्यास उडी मारता येत नव्हती अशा कोणाच्या तरी गरजेतून ती जन्मास आली असे दिसते. अरबी ‘रिकाब’ हा शब्द फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला, त्याची रिकीब झाली आणि ग्वाल्हेर-इंदूरच्या पागांपर्यंत ती घरचीच होऊन बसली.

यंत्रयुग आले तेव्हा हा सारा धडा मनुष्य विसरला. १८७० नंतर इंग्लंडात प्रचंड पुढच्या चाकाच्या सायकली निघाल्या. स्वाराची टांग जितकी लांब तितके चाक मोठे, असा हिशेब होता. मागच्या लहान चाकाच्या वर एक छोटी पायरी असे. तीवर डावा पाय ठेवून, उजव्या पायाने जमिनीला रेटा देत, गाडी चालू असतानाच वर चढावयाचे. उतरताना तीच पायरी मागे न पाहता पायाने चाचपावयाची. थॉमस स्टीव्हन्सने अशाच सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि १८८६ साली लाहोरहून कलकत्त्यापर्यंतचा मार्ग आक्रमिला. पराक्रम खरा, पण हे वाहन वृद्धांचे नव्हते आणि लांब घागऱ्यातील स्त्रियांचे तर नव्हतेच. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीची बुटकी ‘रोव्हर’ निघाली आणि थोड्याच वर्षांत उंच चाक अडगळीत गेले.

मोटारसायकलीच्या बाबतीत कौतुक असे की, १८९४ साली म्युनिकमध्ये विक्रीसाठी निघालेल्या हिल्डेब्रांड-वोल्फम्युलरच्या गाडीचा सांगाडा मध्ये खुला होता. पाय वर न फेकता पलीकडे नेता येई. नंतर टाकी मध्ये आली आणि मोटारसायकल पुन्हा घोडा झाली. ती सर्वांची व्हावयास १९४६ सालची इटलीतील व्हेस्पा आणि १९५८ सालची जपानी सुपर कब यावी लागली. व्हेस्पाचा निर्माता कोर्रादिनो द’आस्कानिओ हा विमानशास्त्रज्ञ असून त्यास मोटारसायकल आवडत नसे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे १९७२ साली पुण्याहून निघालेली लूना याच कुळातली. लुगडे नेसलेली गृहिणी, धोतर नेसलेले भटजी, शाळेतल्या बाई यांना स्वतःचे वाहन मिळाले ते इंजिनाच्या बळामुळे नव्हे, तर पुढची जागा रिकामी ठेवल्यामुळे. मागे बसणारीचा विचार कायद्यानेही केला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम धरावयाची मूठ, पाय ठेवावयाचा आधार आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे कवच आवश्यक ठरवितो. त्यासच लोक साडी गार्ड म्हणतात. बसलेल्या माणसाची काळजी नियम घेतो. चढणाऱ्याविषयी मात्र तो अवाक्षर काढीत नाही.

आता उंच मोटारसायकल. १९७९ सालच्या पहिल्या पॅरिस-डाकार शर्यतीनंतर आणि १९८० साली बीएमडब्ल्यूने काढलेल्या ‘आर ८० जी/एस’नंतर या जातीचा बोलबाला झाला. खडकाळ वाटेवर पोट घासू नये आणि चाकास वरखाली होण्यास पुरेसा वाव राहावा, म्हणून तिला उंची लागते. ती हौसेची नाही. म्हणून कमी करतानाही किंमत मोजावी लागते. सर्वांत निरुपद्रवी उपाय बैठकीतील फेस कमी करून कडा निमुळत्या करण्याचा. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निकामी माणसांविषयी वापरतो, पण खऱ्या खोगिराची भरती किती असावी, हा स्वाराच्या दृष्टीने प्रथम दर्जाचा प्रश्न आहे! याउपर पुढचे फोर्क आणि मागचे जोड बदलून सबंध गाडीच खाली आणता येते. मग जमिनीपासूनचे अंतर घटते आणि साइड स्टँडही आखूड करून घ्यावा लागतो. तसे न केल्यास गाडी नको तितकी ताठ उभी राहते आणि किंचित धक्क्याने उजवीकडे कोसळते. हार्ले-डेव्हिडसनने २०२१ साली ‘पॅन अमेरिका’च्या एका प्रकारात गाडी थांबता थांबता आपोआप एक ते दोन इंच खाली बसेल अशी योजना केली. हत्तीस आणि उंटास बसविण्याची ही जुनीच विद्या होय, फक्त महाग झाली.

ज्यास काही बदलावयाचे नाही, त्याने चांगशाच्या स्वाराचे अनुकरण करावे. स्टँड पक्का लागला आहे हे डोळ्यांनी पाहावे, गिअर टाकलेला असावा, पुढचा ब्रेक दाबून धरावा, डावा पाय फूटरेस्टवर ठेवून रिकिबीत उभे राहावे तसे उभे राहावे. मागे सामानाची पेटी असल्यास झेनोफनचा नियम चालत नाही. गुडघा दुमडून पाय पेटीच्या पुढून न्यावा लागतो. या रीतीत चढणाऱ्याचे बरेचसे वजन स्टँडवर येते, म्हणून भुसभुशीत मातीत त्याखाली फळकूट ठेवावे. उतरणे हे त्याच क्रियेचे उलट टोक. परंतु तोवर मनुष्य दमलेला असतो, आणि स्टँड लावल्याचा भास त्यास तेव्हाच होतो.

जागेची निवडही हवी. आपल्याकडे रहदारी डावीकडून चालते आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधून कडेकडे उतरता असतो. साहजिकच डाव्या कडेला थांबलेल्या स्वाराचा डावा पाय अधिक खोल जातो आणि स्टँडवरील गाडीही अधिक कलते. पण त्याच कडेला पदपथाचा काठ किंवा देवळाच्या आवाराबाहेरचा एखादा ओटा असेल, तर गाडी त्यास लगटून उभी करावी आणि त्यावर पाय ठेवून चढावे. ग्राक्कसने दगड बसविले होते ते रस्त्याच्या कडेलाच.