दुसऱ्यांचं बोलणं ऐकणारी पेटी



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे तीन-चार बचत गटांतून एकच विचारणा आली. मोबाईलवर कुणीतरी एक यंत्र पाहिलं होतं, रेडिओ स्कॅनर. पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका यांचं वायरलेसवरचं बोलणं त्यात ऐकू येतं म्हणे. गटाच्या बचतीतून असं एक यंत्र घेतलं तर पूर आला, रस्ता बंद झाला की आपल्याला आधी कळेल, असा विचार. विचार वाईट नाही. पण पैसे काढण्याआधी या पेटीची गोष्ट ऐकून घ्या.

साधा रेडिओ एका स्टेशनवर लावला की तिथंच राहतो. स्कॅनर मात्र हिंडत असतो. आठवडी बाजारात एखादी बाई प्रत्येक पालापाशी क्षणभर कान देते आणि जिथं भाव चाललाय तिथं थांबते, तसं त्याचं काम. एकामागून एक लहरी तपासायच्या, कुणी बोलत असेल तिथं थांबायचं, बोलणं संपलं की पुढं निघायचं. त्यातून बोलता येत नाही, ऐकता तेवढं येतं.

याची सुरुवात अमेरिकेतली. डेट्रॉईट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. चोरही मोटारीतून पळायचे आणि गस्तीवरच्या पोलिसाला खबर मिळेपर्यंत लांब निघून जायचे. १९२८ साली तिथल्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसवले. मुख्यालयातून हुकूम सुटायचा, गाडीतला पोलीस ऐकायचा. त्याला उलट काही सांगायचं असेल तर खाली उतरून टेलिफोन शोधावा लागे. दोन्हीकडून बोलण्याची सोय १९३३ साली न्यू जर्सीतल्या बेयॉनच्या पोलिसांनी केली.

गंमत अशी की पोलिसांच्या या लहरी गाण्यांच्या लहरींना लागूनच होत्या. घरचा रेडिओ जरा पुढं फिरवला की पोलीस ऐकू यायचे. १९३०च्या दशकात कंपन्यांनी घरगुती रेडिओच्या तबकडीवर ‘पोलीस’ हा शब्दच छापायला सुरुवात केली. आणि घरोघरी ऐकू येत होतं म्हणजे चोरांनाही ऐकू येत होतं, हे ओघानं आलंच.

पुढं पोलीस आणि अग्निशामक दलं वरच्या लहरींवर गेली आणि जुने रेडिओ त्या कामाचे राहिले नाहीत. मग १९६०च्या दशकाच्या शेवटी आणि १९७०च्या दशकात खास स्कॅनर निघाले. इंडियाना राज्यातल्या इलेक्ट्रा कंपनीचा ‘बेअरकॅट’ हा त्यातला नावाजलेला. या पहिल्या स्कॅनरांत प्रत्येक लहरीसाठी क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक बसवावा लागे. एका कुलपाला एक किल्ली, तसा एका लहरीला एक स्फटिक. आठ खाचा असतील तर आठच लहरी. त्यामुळं पहिला स्कॅनर घेणाऱ्याला यंत्राच्या आधी यादी लागायची: आपल्या तालुक्याचं अग्निशामक दल कोणत्या लहरीवर आहे, पोलीस कोणत्या. अशा याद्यांचं ‘पोलीस कॉल’ नावाचं पुस्तक १९६४ पासून तिकडं निघत होतं. शेजारच्या गावची लहर विकत घेऊन आपल्या गावची आग कळणार नाही, एवढं साधं गणित होतं ते. १९७०च्या दशकातच आकड्यांची बटणं दाबून लहर भरण्याची सोय झाली आणि स्फटिकांची कटकट संपली. यादीची गरज मात्र राहिलीच.

दुसरी गोष्ट एरियलची. या लहरी बहुतेक नजरेसारख्या सरळ जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. तुमच्या गावात मोबाईलला रेंज घ्यायला देवळाच्या टेकडीवर जावं लागतं ना, तसंच. म्हणून महागडा संच घेऊन घरात ठेवण्यापेक्षा साधा संच आणि छपरावर उंच एरियल हे केव्हाही चांगलं.

तिकडच्या खेड्यांत हे यंत्र रुजलं, कारण खेड्यातलं अग्निशामक दल बहुधा स्वयंसेवकांचं. आग लागली की शेतावरचाच माणूस हातातलं काम टाकून धावतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीवर स्कॅनर बोलत असायचा. पण तिथंही मोकळं रान नव्हतं. १९३४च्या कायद्यानं असं ऐकलेलं बोलणं स्वतःच्या फायद्यासाठी वापरायला मनाई केली. १९८६ साली मोबाईलवरची बोलणी चोरून ऐकणं गुन्हा ठरलं. आता तर कित्येक शहरांतले पोलीस सांकेतिक रूपातच बोलतात. तिथं स्कॅनर घेतला तरी नुसती खरखर.

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडं सुरुवातच परवान्यानं झाली. इंग्रजांनी १९३३ साली कायदा केला, की वायरलेसचं कोणतंही यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगायचं नाही. नुसतं ऐकायचं यंत्रसुद्धा! तुमच्या आजीच्या ट्रंकेत कदाचित रेडिओचं परवाना-पुस्तक सापडेल. दरवर्षी पोस्टात फी भरून त्यात तिकिटं लावून आणावी लागत. घरगुती रेडिओची ही फी १९८०च्या दशकात बंद झाली.

हा कायदा कुणाला धरायला वापरला जाई, ते १९४२ साली मुंबईत दिसलं. ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा उषा मेहता ही बावीस वर्षांची मुलगी आणि तिच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहर होती ४२.३४ मीटर. आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरला जे अत्याचार झाले, त्यांची खबर या रेडिओनं दिली. पोलीस दिशा शोधणाऱ्या गाड्या घेऊन मागावर, म्हणून हे लोक सारखी जागा बदलत.

दिशा कशी शोधतात, ते तुम्ही घरी करून पाहू शकता. मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर घ्या, आकाशवाणी लावा आणि संच हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला आवाज भरून येतो, दुसऱ्या दिशेला अगदी बसतो. आत एरियलची कांडी असते, तिचं टोक स्टेशनकडं वळलं की आवाज बसतो. असं दोन ठिकाणांहून पाहून कागदावर दोन रेघा मारल्या की जिथं छेदतील तिथं स्टेशन. शेवटी मात्र त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञानं पत्ता दिला आणि १२ नोव्हेंबर १९४२ला पोलीस दारात आले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला.

आम्हाला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. काँग्रेस रेडिओवर काय काय बोललं गेलं, ते आज वाचायला मिळतं ते बरंचसं पोलिसांमुळे. ते रोज कान लावून बसत आणि ऐकलेलं लिहून ठेवत. पकडण्यासाठी लिहिलेले कागदच पुरावा म्हणून उरले.

स्वातंत्र्यानंतरही १९३३चा कायदा चालू राहिला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, आणि २००६ साली आपल्यासारख्या संस्थांना रेडिओ केंद्र चालवायची मुभा मिळाली. म्हणजे बोलायचा थोडा हक्क मिळाला. पण २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला सरकारी परवानगी लागतेच. ऑनलाईन विकत मिळतं म्हणजे चालतं, असं समजू नका. पोलिसांचं बोलणं ऐकण्यासाठी गटाच्या नावावर स्कॅनर घेतला, तर उद्या अडचणीत अध्यक्ष आणि सचिवच येतील.

मग पुराचं काय? जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. प्रशासनाकडून आलेल्या पूर, हवामान, वीज-पाण्याच्या सूचना आपल्या केंद्रावरून सांगता येतात. वीज गेल्यावरही चालेल असा सेलवरचा ट्रान्झिस्टर घरात हवा. खरखर आली तर आधी जवळचा एलईडी दिवा किंवा चार्जर बंद करून पाहा.

आणि ज्यांना खरोखर दोन्हीकडून बोलायचंय, त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा परवाना आहे. त्यातही पोलिसांचं बोलणं ऐकायची मुभा नाही, पण संकटात तो कसा उपयोगी पडतो, ते भारती प्रसाद यांनी दाखवलं. डिसेंबर २००४मध्ये त्या हॅम रेडिओचं पथक घेऊन अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन मेले. त्यांच्या केंद्रानं मुख्य भूमीशी संपर्क धरून ठेवला, बेपत्ता माणसांचे निरोप पोचवले. या परवान्याला वयाची अट फक्त १२ वर्षं पूर्ण. परीक्षेत वीज आणि रेडिओचं साधं ज्ञान असतं, आणि नियम.

आमच्या गटांतल्या दोघीजणी सध्या संध्याकाळी ती पुस्तकं उघडून बसतात. वीज मंडळाच्या बिलावरचे वॉट आणि पुस्तकातले वॉट एकच का, यावर परवा चांगला तासभर वाद झाला.